सर्वस्व समर्पण मेंबरशिप: ध्यान चांगलं, सर्व्हिस जीवघेणी (५ पैकी १ स्टार)

आधीच सांगते, गटाचं नाव लिहिणार नाहीये आणि धर्म कुठला तेही नाही. नाव लिहिलं की एक बाजू नोटीस पाठवते, दुसरी बाजू "त्यांच्यात असंच चालतं" म्हणून खूश होते आणि मुद्दा राहतो बाजूलाच. तसं बघितलं तर नावाने फरक पण पडत नाही. बाहेर पडल्यावर मी या विषयावर अधाशासारखं वाचलं, वेगवेगळे देश, वेगवेगळे धर्म, आणि प्रत्येक ठिकाणी आमच्याच केंद्राचं टाइमटेबल कोणीतरी कॉपी करून नेलंय असं वाटत होतं. तर हा रिव्ह्यू त्या टाइपच्या सर्व्हिसचा समजा, म्हणजे एक प्रमुख, त्याची थेट वरती लाइन, त्याला प्रश्न विचारला की वरच्याला विचारल्याचं पाप, आणि तुम्ही आत शिरलेले असता ते फक्त रात्री नीट झोप लागावी एवढ्यासाठी.

एक स्टार कशाचा ते पहिलं सांगते. ध्यानाचा. ते खरंच चांगलं होतं आणि हे मुद्दाम लिहितेय, कारण लोकांना वाटतं असल्या ठिकाणी सगळंच ढोंग असतं आणि जाणारे बिनडोक असतात. तसं नाहीये हो. श्वासाकडे लक्ष देऊन बसणं, सगळ्यांनी मिळून एका सुरात गाणं, पहाटे उठणं, मोबाइल लांब ठेवणं, याने बरं वाटतंच, कुठेही केलं तरी वाटतं आणि कोणाचाही फोटो समोर ठेवला किंवा नाही ठेवला तरी वाटतं. गोम तिथेच आहे. बरं वाटतं तुमच्या श्वासामुळे आणि श्रेय जातं गुरुजींच्या खात्यात. पहिल्या शिबिराच्या शेवटी मी ढसाढसा रडले होते, छाती एकदम मोकळी झाली होती, आणि डोळे पुसायच्या आत माईकवरून आवाज आला की आत्ता तुम्हाला जे होतंय ती गुरुजींची कृपा आहे, हे बाहेर कुठेही मिळत नाही. अशा वेळी कोण बसतं हिशोब करत की नक्की कशाने बरं वाटलं. मला विचाराल तर फसवणूक कृपेच्या गोष्टीत नव्हती, ती "बाहेर कुठेही मिळत नाही" या चार शब्दांत होती, पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहिलं.

जॉइन होतानाची सर्व्हिस पंचतारांकित, त्याबद्दल शून्य तक्रार. मी आणि माझी थोरली बहीण एकदमच गेलो होतो, बाबा जाऊन फार दिवस झाले नव्हते, घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. आणि इथे सगळ्यांना आमची नावं पाठ, सकाळी मेसेज, ताईला ताप आला तर दोघीजणी दारात हजर, त्यात एक तर आम्हाला एकदाच भेटलेली. याला लव्ह बॉम्बिंग म्हणतात आणि हे नाव काही विरोधकांनी नाही ठेवलेलं, १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या युनिफिकेशन चर्च नावाच्या धर्मगटाचे लोक स्वतःच ते कौतुकाने वापरायचे. एक गोष्ट मात्र मी अजूनही म्हणते, त्या बायकांचं प्रेम खोटं नव्हतं. त्यांनाही कोणीतरी असंच आत घेतलं होतं आणि नवीन माणसाला जीव लावणं ही त्यांची सेवा होती, त्यात त्या मनापासून होत्या. फक्त त्या प्रेमाचा नळ कोणाच्या हातात आहे हे तो बंद झाल्यावर कळतं.

अटी व शर्ती सुरुवातीला दाखवत नाहीत. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं की पुढे जाऊन तुला नोकरी बदलायला परवानगी घ्यावी लागेल, बहिणीशी काय बोललीस ते लिहून द्यावं लागेल, तर मी चप्पल घालून सरळ घरी आले असते. पण तसं कोणी सांगत नाही, आधी फक्त रविवारी या, मग जमलं तर बुधवारी, मग सेवा, मग वही, मग जोडीदार साधिका, मग परवानग्या, बोट दिलं की मनगट आणि मनगटावरून खांदा, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा इतकी थोडीशीच वर असते की "एवढं केलंच आहे तर" म्हणून माणूस चढतो. जोडीदार साधिका म्हणजे तुमच्याबरोबर कायम एकजण, आधार म्हणून. हेव्हन्स गेट नावाच्या अमेरिकेतल्या गटात हेच होतं, तिथे प्रत्येकाला एक पार्टनर लावून दिलेला असायचा आणि एकमेकांवर लक्ष ठेवणं हे त्याचं काम. माझ्या जोडीदार साधिकेला मी काय बोलायचे ते आमच्यावरच्या दीदींना कळायचं, ती काय बोलायची ते मी सांगायचे, आणि दोघींना वाटायचं आपण दुसरीला वाचवतोय.

आता वहीबद्दल सविस्तर लिहिते कारण या सर्व्हिसचं इंजिन तेच आहे. रोज रात्री वहीत लिहायचं, आज कोणाविषयी वाईट विचार आला, कोणती शंका आली, सेवेत कुठे कंटाळा आला. दर आठवड्याला वही दीदींकडे. त्या लाल पेनने खुणा करायच्या, समासात एखादा शब्द, "का?" किंवा "अजून खोल जा". सुरुवातीला खरंच हलकं वाटतं, आपलं कोणीतरी इतकं लक्ष देऊन वाचतंय म्हणून. नंतर अशी वेळ येते की आठवडाभर काही वाईट विचार आलाच नाही आणि वही तर भरायचीय, मग मनाला खोदून खोदून काहीतरी काढायचं. मी एकदा लिहिलं होतं की आश्रमाच्या बांधकामाला देणग्या मागतायत आणि गुरुजींची गाडी मात्र नवीन आली, ते बघून मन खट्टू झालं. एवढंच. पुढच्या बैठकीत दीदी वही मांडीवर ठेवून म्हणाल्या, "आपल्यातल्या एका साधिकेचा जीव गाडीत अडकलाय." नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती, माझ्या वहीचं कव्हर निळं होतं आणि तीसपस्तीस जणींना ते दिसत होतं. मग एकेक जण उठून सांगायला लागली की तिचा जीव कधी कशात अडकला होता आणि गुरुजींनी कसा सोडवला, आणि सगळ्यात शेवटी मी उठले आणि मी थँक्यू म्हणलं. दीदींना पण आणि सगळ्यांना पण. ताई माझ्या शेजारी बसली होती, तिने माझा हात दाबला, आणि मला आजही माहीत नाही तो धीर द्यायला दाबला होता की शाबास म्हणून.

रॉबर्ट लिफ्टन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी १९५० च्या दशकात हाँगकाँगमध्ये चीनच्या तुरुंगांतून आणि 'विचार सुधारणे'तून, म्हणजे सक्तीने मतं बदलायच्या प्रकारातून, बाहेर आलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९६१ मध्ये अशा कोंडलेल्या वातावरणाची आठ लक्षणं मांडली. राजकीय कैद्यांवरून निघालेली यादी आहे ती, देवाधर्माचा संबंध नाही, तरी वाचताना माझी निळी वही डोळ्यासमोर येत होती. कबुलीजबाबाचा अतिरेक हे त्यातलं एक लक्षण, बाहेरच्या माहितीवर नियंत्रण हे दुसरं, आणि मला सगळ्यात जास्त लागलेलं म्हणजे तुमचा अनुभव आणि शिकवण यांच्यात तफावत आली तर चूक कायम तुमच्या अनुभवाची. जिम जोन्स नावाच्या अमेरिकन प्रमुखाच्या पीपल्स टेंपल या गटात तर लोकांकडून कोऱ्या कागदांवर आणि न केलेल्या गुन्ह्यांच्या कबुल्यांवर सह्या घेऊन ठेवायचे, पुढे कोणी तोंड उघडलं तर कामाला यावं म्हणून. आमच्याकडे सह्या नव्हत्या, पण वह्या परत मिळत नाहीत हे मला निघताना कळलं. माझी आजही तिथेच कुठल्यातरी कपाटात आहे.

प्रश्न विचारायची सोय कशी आहे? कागदावर उत्तम. दर महिन्याला शंका समाधान. प्रत्यक्षात असं:

"दीदी, एक विचारायचं होतं."

"विचार ना गं. पण आधी आत बघ, हे तू विचारतेयस का तुझा अहंकार विचारतोय?"

आता यावर काय बोलणार. मी विचारतेय म्हणलं तर तोच अहंकार, अहंकार विचारतोय म्हणलं तर मग गप्प बस. या लॉजिकला कुठूनही दार नाही. काम झालं तर कृपा, नाही झालं तर तुमची श्रद्धा कमी पडली, आजार बरा झाला तर गुरुजी आणि वाढला तर कर्म. गुरुजींच्या बाजूने हरायची शक्यताच ठेवलेली नाही. हेव्हन्स गेटवाल्यांची शिकवण आधी अशी होती की जिवंत शरीरासकट यानात बसून वर जायचं. १९८५ मध्ये सहप्रमुख बॉनी नेटल्स कॅन्सरने गेल्या, शरीर इथेच राहिलं, तर शिकवण बदलली, शरीर म्हणजे फक्त वाहन, ते सोडून जायचं असतं. कोणी उठून विचारलं नसेल का की अहो पण आधी तर तुम्ही... विचारलं असेलही. १९९७ च्या मार्चमध्ये त्यातल्या ३९ जणांनी ते वाहन सोडलं.

उलटं उदाहरण पण सांगते, फार कमी सापडतात म्हणून. हॅरोल्ड कॅम्पिंग नावाच्या अमेरिकन रेडिओ उपदेशकाने २१ मे २०११ ला कयामत येणार म्हणून जाहीर केलं होतं, जाहिरातींचे बोर्ड लागले, लोकांनी साठवलेले पैसे त्याच्या प्रचारात घातले. काही झालं नाही तेव्हा तो म्हणाला न्याय झालाय पण तो अदृश्य होता, खरा शेवट ऑक्टोबरमध्ये. ऑक्टोबरही गेला. पण २०१२ मध्ये त्याने लिहून कबूल केलं की तारीख सांगणं हे माझ्याकडून पाप झालं. लोकांचे पैसे काही त्याने परत येत नाहीत ते वेगळं, तरी "मी चुकलो" हे वाक्य एखाद्या प्रमुखाच्या तोंडून निघू शकतं याचा तो पुरावा आहे, आमच्याकडे ते कोणी कधी ऐकलं नव्हतं.

आता परवानग्या. मला ऑफिसात वरची पोस्ट मिळत होती, दुसऱ्या शहरात. मी दीदींना सांगितलं, दीदींनी गुरुजींना, निरोप आला "आत्ता हलणं तिच्या प्रगतीला योग्य नाही". गुरुजींनी मला आयुष्यात धड दोन वाक्यं विचारली नव्हती आणि माझ्या प्रगतीचा आलेख त्यांच्याकडे होता. मी पोस्ट नाकारली. साहेबांना सांगितलं घरच्या अडचणी आहेत, कारण खरं कारण बाहेरच्यांना सांगायचं नसतं, ते त्यांना "झेपत नाही". ताईने तर याच्या पुढे जाऊन नोकरीच सोडली, साठवलेलं सगळं केंद्राला दिलं आणि तिथेच राहायला गेली. तिचं ठरलेलं लग्न मोडलं ते पण असंच, मुलाची "कंपनं" जुळत नाहीत म्हणून, मुलाला गुरुजींनी कधी बघितलेलंही नव्हतं. हे सगळं पण नवीन नाही बरं का. १९७० च्या दशकात अमेरिकेत ख्रिश्चन लोकांमध्ये शेफर्डिंग चळवळ म्हणून निघाली होती, प्रत्येक माणसावर एक मेंढपाळ, आणि लग्न, नोकरी, घर बदलणं सगळं त्या मेंढपाळाला विचारून. चळवळ सुरू करणाऱ्या पाचांपैकी बॉब ममफर्ड यांनी १९८९ मध्ये जाहीर माफी मागितली. म्हणजे चांगल्या हेतूने सुरू झालेली गोष्ट पण या रस्त्याला लागते, प्रत्येक वेळी कोणी लबाडच असायला लागतो असं नाही. एका माणसाला दुसऱ्याच्या आयुष्याचा रिमोट दिला आणि त्याला कोणी जाब विचारणारं ठेवलं नाही, की बाकीचं आपोआप होतं.

"पण तुम्ही शिकलेल्या आहात ना, मग?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारलाय की आता मी सरळ ओम शिनरिक्योचं सांगते. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत सरीन हा विषारी वायू सोडला त्या गटाने. सोडणाऱ्यांमध्ये एक हृदयाचे सर्जन होते, बाकीच्यांमध्ये विज्ञान आणि इंजिनिअरिंगचे पदवीधर. याच गटात गुरूच्या आंघोळीचं पाणी विकलं जायचं आणि गुरूच्या मेंदूशी आपला मेंदू जुळावा म्हणून वायरी लावलेली टोपी भाड्याने मिळायची, आणि ती टोपी हे लोक डोक्यात घालून बसायचे. शिक्षणाने प्रश्न विचारता येतात हे खरं, पण गुरुजींनी "प्रश्न म्हणजे अडथळा" हे एकदा गळी उतरवलं की तीच हुशारी उत्तरं जुळवायला वापरली जाते. आमच्याकडे गुरुजींच्या प्रत्येक विसंगतीची सगळ्यात भारी कारणमीमांसा एका प्राध्यापक बाई करायच्या, ऐकत राहावं अशी. ओम शिनरिक्योच्या प्रमुखासकट १३ जणांना २०१८ च्या जुलैमध्ये फाशी झाली.

आणि एकटा माणूस उठून बोलला तर काय होतं, ते जोन्सटाउनच्या, म्हणजे जिम जोन्सच्या गटाच्या वसाहतीच्या, टेपवर आहे. १८ नोव्हेंबर १९७८, गयाना, त्या दिवशी ९०० हून जास्त माणसं गेली, बहुतेक सगळी जोन्सच्या सांगण्यावरून विष घेऊन किंवा देऊन, आणि त्यातली जवळजवळ एक तृतीयांश मुलं होती. शेवटच्या सभेचं रेकॉर्डिंग झालंय. त्यात क्रिस्टीन मिलर नावाची बाई जिम जोन्सला समोरासमोर म्हणते की दुसरा काही मार्ग नाही का, या लहान मुलांना जगायचा हक्क आहे. सगळ्या सभेत ती एकटी. आणि तिला गप्प जोन्सने नाही केलं, तो तर शांतपणे उत्तरं देत होता. तिला गप्प केलं बाजूच्या लोकांनी, ओरडून. ते वाचलं तेव्हा मला आमची बैठक आठवली, तीसपस्तीस जणी एकेक करून उठत होत्या ती. तुलना फार मोठी आहे हे मला कळतं, आमच्याकडे कोणाचा जीव गेला नाही. पण धाक दाखवायचं काम प्रमुख स्वतः करत नाही, ते शेजारी बसलेली माणसं करतात, हे दोन्हीकडे सेम.

कॅन्सलेशन पॉलिसी. या सर्व्हिसचा दर्जा कळायचा असेल तर ध्यान बघू नका, प्रवचन बघू नका, ही बघा. आमच्याकडे सोडून गेलेल्यांच्या गोष्टी सांगायचे. एकाचा अपघात झाला, एकीचा संसार मोडला, एकाला असाध्य रोग झाला. सोडून गेला आणि मजेत आहे असा एकही माणूस त्या गोष्टींमध्ये नव्हता, आणि सोडलेल्यांशी बोलायला बंदी, म्हणजे तपासून बघायचीही सोय नाही. स्टीव्हन हॅसन म्हणून आहेत, स्वतः युनिफिकेशन चर्चमध्ये होते, बाहेर पडून त्यांनी यावरच काम केलं, वागणं, माहिती, विचार आणि भावना असे नियंत्रणाचे चार भाग ते सांगतात. त्यातल्या भावनांच्या भागात ही भीती येते, मुद्दाम पेरलेली, की बाहेर पाऊल टाकलं की काहीतरी भयंकर होणार. सायंटॉलॉजी नावाच्या अमेरिकेतल्या गटात तर सोडून विरोधात बोलणाऱ्याला 'सप्रेसिव्ह पर्सन' असा शिक्का आहे आणि त्याच्याशी घरच्यांनीही संबंध तोडायचे याला 'डिसकनेक्शन'. आमच्याकडे असले इंग्लिश शब्द नव्हते, नुसतं "ती गळली" म्हणायचे, झाडाच्या पानाबद्दल बोलावं तसं.

मी गळले ते काही फार नाट्यमय नव्हतं. आईच्या ऑपरेशनच्या दिवशी केंद्रात मोठा कार्यक्रम होता आणि दीदी म्हणाल्या, "आईकडे डॉक्टर बघतील, तू सेवेत राहिलीस तर तिला जास्त फायदा होईल." मी हॉस्पिटलला गेले. गेल्यावर फोन बंद केला नाही, तो वाजत राहिला, आणि आई गुंगीतून बाहेर आली तेव्हा पहिलं तिने विचारलं कोणाचा एवढा फोन येतोय, घे की. तेव्हापासून मी परत गेले नाही. आठवड्याभरात सगळ्या ग्रुपमधून काढलं, ज्या बायका माझ्या तापात उशाशी बसल्या होत्या त्या रस्त्यात दिसल्या की नजर फिरवतात. आणि मजा बघा, पुढच्याच महिन्यात मला टायफॉइड झाला. रिपोर्ट हातात, बॅक्टेरियाचं नाव छापलेलं, तरी रात्री एकच विचार की झालं, सुरू झालं. ती भीती जायला टायफॉइडपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. समुपदेशन घेतलं, आणि सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर माझ्या आधी गळलेल्या दोघींना शोधून त्यांच्याशी गप्पा मारण्याचा. दोघी धडधाकट. एकीचा अपघात झाल्याची गोष्ट आम्ही ऐकली होती, तिला कळल्यावर ती इतकी हसली.

तक्रार निवारण जवळजवळ नाहीच. मोठ्या माणसाने स्वतःहून सह्या केल्या, स्वतःहून पैसे दिले, कायदा काय करणार असं बहुतेक ठिकाणी आहे. फ्रान्सने २००१ मध्ये मानसिक दबावाखाली आणलेल्या माणसाच्या असहायतेचा गैरफायदा घेण्याविरुद्ध कायदा केला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ पासून सततचं नियंत्रण हा गुन्हा आहे, पण तो जोडीदार आणि कुटुंबापुरता, गुरू त्यात बसत नाही. म्हणून हे लोक पकडले जातात ते शरीरावरच्या किंवा पैशाच्या गुन्ह्यांसाठी. वॉरन जेफ्स या अमेरिकेतल्या बहुपत्नी गटाच्या प्रमुखाने त्याच्या गटात पुरुषांकडून बायकामुलं काढून दुसऱ्या पुरुषांना दिली, शिक्षा मात्र झाली अल्पवयीन मुलींवरच्या अत्याचाराची, २०११ मध्ये, जन्मठेप अधिक २० वर्षं. आणि केनियात शाकाहोलाच्या जंगलात उपाशी राहून देवाला भेटा असं सांगितलेल्या लोकांचे ४०० पेक्षा जास्त मृतदेह निघाले २०२३ पासून. जीव गेल्यावर कायदा हलला.

घरच्यांसाठी थोडं, कारण ताई अजून आत आहे आणि मी आता घरची झालेय. उचलून आणायचं डोक्यात आणू नका. १९७० च्या दशकात अमेरिकेत टेड पॅट्रिक नावाचा माणूस पालकांकडून पैसे घेऊन असल्या गटांतली मोठी मुलं अक्षरशः पळवून आणायचा, खोलीत कोंडून त्यांचं मन वळवायचा, शेवटी तो स्वतः जेलमध्ये गेला आणि काही मुलं आधीपेक्षा जास्त कट्टर होऊन परत गेली. गुरुजींना शिव्या घालणं पण नको, शिवी घातली की "बाहेरचे असेच बोलतील" ही भविष्यवाणी तुम्ही स्वतःच खरी करून दाखवता. ताईचा फोन येतो कधीकधी, स्पीकरवर असतो, शेजारी कोणीतरी श्वास घेतंय हे ऐकू येतं. मी आईचं सांगते, शेजारच्या कुत्र्याला पिल्लं झाली ते सांगते, तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचं सांगते, ते ती हसून ऐकते. मागच्या वेळी तिने मध्येच विचारलं, माझं जुनं बँक खातं चालू आहे का गं अजून. मी म्हणलं आहे, आणि पिल्लांवर परत आले.

नवीन कोणी अशा ठिकाणी जाणार असेल तर जा, माझं अडवणं कोण ऐकणार. फक्त दुसऱ्याच आठवड्यात, काही कारण न देता, सांगून बघा की मी पुढचा महिनाभर येणार नाही. "बरं, या सवडीने" असं उत्तर आलं आणि नंतर खरंच कोणी पिच्छा पुरवला नाही तर ठीक. कारण विचारलं, मग घरी आले, मग तुमच्या प्रगतीची काळजी करायला लागले तर कॅन्सलेशन पॉलिसी तुम्हाला फुकटात कळली. जमल्यास हेही विचारा की गुरुजी शेवटचे कधी चुकले होते, आणि उत्तराऐवजी प्रश्नाचीच चौकशी सुरू झाली तर चपला कुठे काढल्यात ते आठवा.

रिफंड मागितला नाही. वही मागितली होती. दीदींनी कळवलं की वह्या देत नाहीत, पण काही तक्रार असेल तर गुरुजींच्या नावाने पत्र लिही, मी आधी वाचेन आणि त्यांच्यापर्यंत पोचवण्यासारखं असेल तर पोचवेन. म्हणून इथे लिहिलं.